एकतीस किलोमीटरचा घाट

टेबलावर पंधरा वस्तू होत्या. कॉम्प्युटरचं एक कॅबिनेट, त्याचं काढून ठेवलेलं झाकण, दोन ग्राफिक्स कार्डं (एक जुनं, एक नवं), दोन स्क्रूड्रायव्हर, एक चिमटा आणि वाटीत आठ स्क्रू. वाटी धरली तर सोळा. पण वाटी आईची होती आणि तिने ती संध्याकाळच्या आत परत मागितली होती, म्हणून लेकीने ती मोजली नाही.

मोठा स्क्रीन अजून खोक्यातच, भिंतीला टेकून उभा होता. शेजारी बाबा खुर्चीत बसले होते, पाय पेडलवर आणि हात कॉम्प्युटरला जोडायच्या स्टीअरिंगवर. वीज नाही, चित्र नाही, तरी त्यांनी एकदा गिअर टाकून बघितला.

"मापाडी," ते म्हणाले, "गाडी कधी मिळणार?"

लेक मोजमापाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कारखान्यांतली तापमापकं तिच्याकडे येत, ती त्यांना आपल्या खात्रीच्या तापमापकाशी ताडून बघे आणि किती चुकतात ते लिहून परत पाठवी. पदवीला भौतिकशास्त्र घेऊन पोरगी शेवटी दुसऱ्यांच्या चुका मोजते, असं बाबा येईल त्याला सांगत आणि मग तिला मापाडी म्हणून हाक मारत. तिलाही ते नाव आवडायला लागलं होतं.

बाबा बसचे ड्रायव्हर. आयुष्यातली बावीस वर्षं त्यांनी एकाच घाटात बस चालवली होती आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना डोळ्यांनी त्यांना घरी बसवलं. आजार असा की नजरेचा मधला भाग जातो आणि कडा तेवढ्या राहतात. डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं होतं: समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतील, चेहरा दिसणार नाही. डावा डोळा गेलाच होता. उजवा त्याच वाटेला लागला होता. औषधाने वेग कमी होईल, वाट बदलणार नाही.

त्याच सुमारास लेकीला बस चालवायचा एक गेम सापडला. त्यात लोक आपापले रस्ते बनवून टाकत, आणि कुणा अनोळखी माणसाने नेमका बाबांचा घाट बनवला होता. खालच्या डेपोपासून वरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत एकतीस किलोमीटर. तेरा अवघड वळणं होती, नवव्या वळणावरचा वाकलेला खांब होता, वर बस फिरवून घ्यायची पत्र्याची शेडसुद्धा होती. बाबांनी तो खांब पाहिला आणि ते स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "हा रस्ता बनवणारा माझ्या गाडीत बसलेला माणूस आहे."

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. आपण शेवटच्या दिवशी गाडी वरच्या शेडमध्ये लावली नव्हती, कारण तो शेवटचा दिवस आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. तपासणीला म्हणून बोलावलं आणि किल्ली ठेवून घेतली. तर एकदा, दिसतंय तोवर, गाडी वर नेऊन शेडमध्ये लावायची. मग काय होईल ते होवो.

जुन्या कॉम्प्युटरवर ते जमेना. स्क्रीन लहान, आणि चित्र असं अडखळत पुढे सरके की वळण आल्यावर दिसायचं. अर्ध्या घाटाच्या पुढे ते कधी गेले नाहीत. म्हणून मोठा स्क्रीन आला, आणि तो पेलवायला नवं कार्ड.

त्या दुपारी लेकीने कार्ड बदललं, वीजपुरवठ्याचा डबा बदलला, स्क्रीन बदलला आणि कार्ड चालवणारा, ड्रायव्हर म्हणतात तो प्रोग्रामही नवा टाकला. एका बैठकीत चार बदल. प्रयोगशाळेत एखाद्या शिकाऊ पोरीने असं केलं असतं तर लेकीने तिला समोर बसवून समजावलं असतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघडल्यावर बोट कुणाकडे दाखवशील? पण बाबा पेडलवर पाय ठेवून बसले होते. आईने वाटी दोनदा मागितली होती. जुनं कार्ड दुकानदाराने बदल्यात घ्यायचं कबूल केलं होतं, तेही तिने त्याच संध्याकाळी पोचवून टाकलं.

पहिल्या दिवशी सगळं सुरळीत चाललं. नव्या कार्डाचे पंखे मात्र जोरात घोंगावत होते. आई म्हणाली, कारखाना आणलास की काय.  बाबा बारा किलोमीटर गेले, जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर असताना स्क्रीन काळा झाला. पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरले, मग गप्प झाले आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या दिवशी तेच. नंतर रोज तेच. बाबा दुपारी बसत, पाऊण तासाच्या आसपास सगळं काळं होई, आणि घाट पुन्हा पहिल्या वळणापासून.

घोडं कुठे पेंड खातंय ते लेक शोधू लागली. कॉम्प्युटर स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवतो, ती तिने उघडली. तिथे लिहिलं होतं की यंत्र अनपेक्षितपणे बंद पडलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात 'मरण' लिहावं, तसं ते होतं. तिने दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ड्रायव्हर जुना टाकून बघा. तिने जुना टाकला. दुपारी काळा स्क्रीन. पुन्हा फोन केला, तर तोच म्हणाला, आता नवा टाकून बघा. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "घरात एक ड्रायव्हर सांभाळता सांभाळता माझा जीव गेला, तुम्ही दुसरा कशाला आणलात?"

इंटरनेटवर असाच त्रास असलेले शेकडो लोक होते. कुणी म्हणे मेमरी, कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे सगळं पुसून पुन्हा टाका. एका माणसाची तक्रार हुबेहूब त्यांच्यासारखी होती, तेच कार्ड, तोच गेम. लेकीने त्याची सगळी पानं वाचली. शेवटी त्याने लिहिलं होतं, "सुटलं, धन्यवाद." कसं सुटलं ते लिहिलंच नव्हतं. त्यानंतर तो तिथे कधी आला नव्हता.

ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि सुटीच्या दिवशी स्वतः चाचणी घेई. कार्डाला घाम फोडणारा प्रोग्राम तिने तीन तास सलग चालवला. तापमान पाहिलं, सदुसष्ट अंश, निर्धोक. गेम स्वतः चालवला. ती वाईट ड्रायव्हर होती, पण कॉम्प्युटर बंद पडला नाही. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं पोर असतं, तसं यंत्र तिच्यासमोर निमूट चालायचं. ती बाहेर पडली की दुपारी बाबांच्या हातात मरायचं.

मग तिला वाटलं, तापमान बघायला टाकलेला प्रोग्रामच बाबांच्या फेरीत गोंधळ घालत असेल. पाहणाऱ्यानेच गडबड केली असं प्रयोगात होतं कधीकधी. शिवाय त्याचे आकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात येत आणि बाबांना त्यांचा त्रास होई. तिने तो काढून टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, पण तेव्हा तिला ते ठाऊक नव्हतं.

एका दुपारी आईचा कामावर फोन आला. आई कधी कामावर फोन करत नसे.

"हे उठत नाहीयेत खुर्चीतून," आई म्हणाली. "बरे आहेत. पण उठत नाहीयेत."

लेक अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. बाबा स्टीअरिंगवर हात ठेवून बसले होते. समोर कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन पासवर्ड विचारत होता.

"एकोणतीस," बाबा म्हणाले. "बारा वळणं झाली होती. एकच उरलं होतं गं. शेडचा पत्रा दिसायला लागला होता मला, त्या अंगाने, कडेने."

ती खाली बसली. त्या दिवशी यंत्र नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त चाललं होतं. का, हे तिला कळेना, आणि डोळ्यांसमोर वडील बसलेले असताना आपण हा विचार करतोय याची तिला लाज वाटली. ती म्हणाली, आता पुरे. कारण सापडेपर्यंत तुम्ही चालवू नका. दरवेळी असं अर्ध्यात तुटलेलं मला बघवत नाही. मी एकेक गोष्ट बदलते, नीट, पद्धतीने, आणि मग तुमच्या हातात खात्रीची गाडी देते.

बाबांनी मान डोलावली. डेपोतून गाडी दुरुस्तीला गेली की ड्रायव्हरने वाट बघायची असते, वाद घालायचा नसतो. ते आयुष्यभर तसंच करत आले होते.

आणि लेकीने पद्धत पाळली. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. आठवडाभर एक लावून पाहिली, आठवडाभर दुसरी. कार्डाला वीज एका केबलने जात होती. तिने दोन वेगळ्या केबल ओढल्या. वीजपुरवठ्याचा डबा परत केला, दुसरा मागवला, तो यायला वेळ लागला. प्रत्येक बदलानंतर तीन तासांची चाचणी, आणि प्रत्येक चाचणी यशस्वी. यशस्वी चाचणीतून काहीच कळत नव्हतं, कारण बिघाड तिच्या हातात मुळी येतच नव्हता. घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. बाबा सकाळी पेपर धरून बसत आणि बरोबर तेवढ्या वेळाने पान उलटत. पेपर कधी उलटाही असे.

एका सकाळी तिने दार उघडलं तेव्हा ते म्हणाले, आज दमलेली दिसतेस. ती दोन पावलं चालली होती तेवढीच. दिसतेस म्हणाले खरे, पण त्यांचं तोंड खिडकीकडे होतं.

तेव्हा तिला पद्धतीची भीती वाटली. डॉक्टरीणबाईंच्या औषधाने मिळालेला अवधी ती चाचण्यांत खर्च करत होती.

प्रयोगशाळेत शर्टाच्या बटणाएवढी तापमापकं होती. औषधांच्या पेट्यांत ठेवून देतात. ती मिनिटामिनिटाला तापमान साठवत राहतात, कॉम्प्युटरशी त्यांचा काही संबंध नसतो. एक तिने स्वतः तपासलेलं, अर्ध्या अंशात खात्रीचं, मागून आणलं आणि कॅबिनेटच्या आत चिकटवलं. सकाळी आपली नेहमीची चाचणी घेतली आणि बाबांना म्हणाली, आज दुपारी चालवा. नेहमी चालवता तसं.

संध्याकाळी तिने ते काढून वाचलं. तिच्या सकाळच्या चाचणीत आतली हवा अडतीस अंश होती, तीन तास, सपाट रेघ. बाबांच्या फेरीत तीच रेघ चढत गेली होती. एकोणसत्तर अंशांवरून, कॉम्प्युटर बंद पडला त्या मिनिटाला, ती खाली वळली होती. यंत्र एक, खोली एक, गेम एक. बदललं होतं ते फक्त माणूस.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही गाडी चालवताना कॉम्प्युटरच्या या डब्याला काय करता?"

"मी काय करणार? मी समोर बघतो."

"आतली हवा बाहेर जात नाहीये. कुणीतरी जाळ्या झाकतंय."

"झाकलं असतं तर तुला दिसलं नसतं का? बघ की. आहे का काही?"

डबा मोकळा होता. बाजूच्या जाळ्या, मागची जाळी, सगळं स्वच्छ. बाबा ताकाला जाऊन भांडं लपवत होते, आणि त्यांना ते नीट येतही नव्हतं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "सांगा आता," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"तू गप्प बस."

"महिनाभर गप्पच बसलेय." आई लेकीकडे वळली. "माझी जाडी चादर आहे ना, ती चौघडी करून गुंडाळतात डब्याला. चारी बाजूंनी. चालवून झालं की घडी घालून परत कपाटात. ड्यूटी संपली की केबिन जशी मिळाली तशी ठेवायची म्हणे. एक दिवस चादर धुवायला होती, तर टॉवेल वापरला पातळसा."

लेकीने मनाशी हिशेब केला. ज्या दिवशी टॉवेल होता, त्या दिवशी बाबा एकोणतीस किलोमीटरपर्यंत गेले होते.

"का पण?" तिने विचारलं.

 "तुझ्या नव्या कार्डाचे पंखे," बाबा म्हणाले. "इंजिन ऐकू येईना."

"इंजिन ऐकायचं कशाला? केवढा मोठा स्क्रीन आणलाय समोर."

 तिचं वाक्य तिलाच ऐकू आलं आणि उरलेलं आपोआप कळलं.

मग बाबा सांगू लागले, जसं दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. डेपोत डोळ्यांच्या तपासणीला अक्षरांचा एकच तक्ता होता, वर्षानुवर्षं तोच. सगळे ड्रायव्हर तो पाठ करायचे. त्यांनीही केला होता, आणि शेवटची चार वर्षं पाठच म्हणून दाखवला होता. घाटही तसाच. चढ लागला की इंजिन जड होतं, वळणाआधी हलकं होतं, कठड्याजवळून गेलं की आवाज परत येतो. गेम बनवणाऱ्याने आवाजसुद्धा बरोबर टाकले होते. कडेकडेने थोडं दिसायचं, उरलेलं कानांनी भरून घ्यायचं. लहान स्क्रीनवरही ते तसंच चालवत होते.

"मग मोठा स्क्रीन आणते म्हटलं तेव्हा का नाही बोललात?"

"तू एवढ्या हौसेने आणत होतीस." त्यांचा हात गिअरवर गेला. "आणि तुला सांगितलं असतं तर तू मोजलं असतंस. किती दिसतं, किती नाही. मला आकडा नको होता."

लेकीला पहिल्यांदा आपल्या नोकरीचा राग आला. तिने डोळ्यांसाठी आणलेल्या वस्तूने कान बुजवले होते, कानांसाठी घातलेल्या चादरीने यंत्र मारलं होतं, आणि मधले सगळे आठवडे ती मेमरीच्या पट्ट्या बदलत बसली होती. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, आई म्हणाली असती; पण आईने म्हटलं नाही. ती आत गेली आणि नळ सोडून भांडी घासत राहिली, घासलेलीच.

उपाय इतका साधा होता की लेकीला बोलतानाही कसंतरी झालं. हेडफोन. कानांवर बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे. बाबांनी आयुष्यात हेडफोन लावून गाडी चालवली नव्हती; ड्रायव्हरने कान बंद करणं म्हणजे गुन्हा, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्यांच्या मनात ते आलंच नव्हतं. लेकीच्या मनात येण्यासाठी तिला कारण माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती रजा घेऊन घरी राहिली. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. चादर कपाटात राहिली. तापमान बघणारा प्रोग्राम पुन्हा टाकला, आकडे दुसऱ्या लहान स्क्रीनवर नेले, जो फक्त तिला दिसत होता. बाबांच्या कानांवर हेडफोन बसवले. त्यांनी इंजिन सुरू केलं, डोकं जरा तिरकं केलं आणि बराच वेळ नुसतं ऐकलं.

"ऐकू येतंय," ते म्हणाले. "स्वच्छ ऐकू येतंय. पंखा नाहीच."

ते डेपोतून निघाले. लेक शेजारी स्टुलावर बसली होती. आई दारात उभी होती. पहिलं वळण त्यांनी सुरेख घेतलं. दुसऱ्याला गाडीचा मागचा भाग कठड्याला घासला. तिसऱ्याच्या आधी रस्ता सरळ होता आणि समोरून एक ट्रक येत होता, मोठ्या स्क्रीनच्या बरोबर मधोमध, दिवे लावलेला. लेकीला तो दुरूनच दिसला. बाबांचे हात तसेच राहिले. ट्रकचा आवाज आला तेव्हा त्यांनी स्टीअरिंग फिरवलं, पण उशिरा.

"ट्रक होता का?" त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला करून विचारलं.

"हो."

"महिन्यापूर्वी कडेने दिसायचे ट्रक." त्यांनी हेडफोन नीट केले. "पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी ते ट्रकच्या आवाजासाठी आधीपासून दबा धरून होते, त्याला चुकवलं, आणि पाचव्या वळणावर गाडी दरीत गेली. आवाज बरोबर आला होता, ते म्हणाले. रस्ता मात्र तिथे नव्हता. आईने विचारलं, थोडं थांबता का, दमला असाल. त्यांनी ऐकलं नाही. कान बंद होते. लेकीने त्यांच्या खांद्याला हात लावून तेच विचारलं. त्यांनी नुसतं बोट वर केलं, अजून एक.

तिसऱ्या फेरीत ते हळू गेले, कधी नव्हे इतके हळू. तोंडाने वळणं मोजत होते. चारच्या पुढे त्यांचा आकडा आणि रस्ता जुळेनासा झाला. लेकीला तो क्षण कळला, कारण ती समोर बघत होती. ती काही बोलली नाही. बोललेलं त्यांना ऐकू गेलं नसतं, आणि गेलं असतं तरी तिच्या डोळ्यांनी गाडी वर न्यायला ते तयार झाले नसते.

गाडी कठड्यापलीकडे उलटत गेली; स्क्रीनवर आकाश दिसलं, मग झाडं, मग आकाश. बाबा इंजिन ऐकत राहिले. ते अजून चालू होतं.

लेकीने लहान स्क्रीनकडे पाहिलं. तीन फेऱ्या मिळून कॉम्प्युटर एक तास बावन्न मिनिटं सलग चालला होता. तो एकदाही बंद पडला नव्हता. कार्डाचं सर्वाधिक तापमान अडुसष्ट अंश होतं. एकतीसपैकी पार केलेलं सर्वाधिक अंतर आठ पूर्णांक चार किलोमीटर होतं.